रात्री दीडला डॉक्टरांना फोन लावला पण नीट सांगताच आलं नाही, तुम्ही कसं बोलता?

रातपाळीवाली

नमस्कार सगळ्यांना. माझं जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) झालंय, जॉबला लागून आठ महिने झाले, जिल्ह्याच्या ठिकाणी एक खाजगी हॉस्पिटल आहे तिथे मेडिकल वॉर्डला आहे. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम देत नाही. मागच्या आठवड्यात नाईटला जे झालं ते डोक्यातनं जातच नाहीये म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

बारा नंबर बेडला एक काका होते, ५८ वर्षांचे, शुगरवाले, लघवीचं इन्फेक्शन अन् थंडी वाजून ताप म्हणून आदल्या दिवशी ॲडमिट झालेले. रात्री आठला मी ओव्हर घेतला, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंट ताब्यात घेतले, तेव्हा बीपी ११०/७० होतं, माझ्याशी छान बोलले, मुलगी कोणत्या गावाला दिलीय ते सांगत होते. दीड वाजता बघायला गेले तर हाक मारली की डोळे उघडायचे अन् परत मिटायचे, बीपी ९०/६०, पल्स १२६, श्वास २८, ताप १०२. लघवीची पिशवी साडेनऊला रिकामी केलेली, त्यात जेमतेम ४० मिली. मला आतून कळत होतं की हे बरोबर नाहीये.

मग डॉक्टरांना फोन लावला. काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "हॅलो सर, सॉरी सर झोपमोड केली, ते बारा नंबरचे काका आहेत ना ते जरा कसंतरीच करतायत, म्हणजे ताप आहे, आणि बीपी पण जरा लो वाटतंय, तर काय करू?" सर म्हणाले पॅरासिटामॉल दिली का, म्हटलं नाही सर, मग द्या आणि सलाईन चालू ठेवा, सकाळी बघतो. मी म्हटलं ओके सर आणि फोन ठेवला. लघवीचं सांगायचं राहूनच गेलं, पल्सचं पण. आणि हे सगळं माझ्या हातातल्या कागदावर लिहिलेलं होतं!

साडेचारला बीपी ७० वर आलं, परत फोन केला, सर आले, काकांना आयसीयूत नेलं. तीन दिवस आयसीयूत होते, आता वॉर्डात परत आलेत, जेवतायत. पण सकाळी त्यांचा मुलगा सगळ्यांसमोर ओरडला की रात्रभर तुम्ही काय करत होता, आणि मी नुसती उभी राहिले. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या फोनवर नीट सांगायला शीक. पण ते शिकायचं कुठे? आम्हाला कम्युनिकेशन म्हणजे सेंडर, मेसेज, रिसीव्हर अशी आकृती होती, पाच मार्काला यायची, ती आजही काढून दाखवेन. झोपेतून उठवलेल्या डॉक्टरशी कसं बोलायचं आणि चिडलेल्या मुलाशी कसं बोलायचं हे कोणी शिकवलंच नाही. तुम्ही लोक कसं करता ते खरंच सांगा.


जुनी सिस्टर

बाळा, आधी एक ऐक. तू दीडला उठून बेडपाशी गेलीस, पिशवीत बघितलंस, श्वास मोजलास. श्वास मोजणारी पोरगी आजकाल दहात एक सापडते, बाकीच्या न मोजताच श्वास २० असं लिहून मोकळ्या होतात. म्हणजे तुझं काम बरोबर होतं, फक्त ते तारेवरून पलीकडे गेलं नाही. ते शिकता येतं, मलाही कोणीतरी शिकवलंच होतं.

३४ वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, त्यातली निम्मी तरी मेडिकल आणि सर्जिकल वॉर्डला. आमच्या वॉर्डात फोनच्या शेजारी खिळ्याला एक पुठ्ठा टांगलेला असायचा, सलाईनच्या बॉक्सचा कापलेला. त्यावर मार्करने लिहिलेलं, फोन उचलायच्या आधी हातात केसपेपर, आत्ताचं बीपी पल्स श्वास ताप, मागचं बीपी, लघवी किती, शुगर किती, काय काय औषधं गेलीत, कशाची ॲलर्जी. नवीन पोरींना मी सांगायचे की हे सगळं समोर असल्याशिवाय नंबर फिरवायचा नाही, पेशंटला झटका आलाय किंवा श्वास थांबलाय असं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी हाका मारायच्या.

आणि बोलायचं कसं, तर सॉरीने सुरुवात करायची नाही. तू सॉरी म्हणालीस की समोरच्याला पहिलं काय कळतं, तर की काहीतरी किरकोळ आहे आणि उगाच उठवलंय. असं बोलायचं बघ,

"सर, मेडिकल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. बेड १२ चं बीपी उतरलंय, ९०/६० आहे, आठ वाजता ११०/७० होतं. ५८ वर्षांचे, डायबेटिक, लघवीच्या इन्फेक्शनसाठी काल ॲडमिट झालेत. पल्स १२६, श्वास २८, ताप १०२, चार तासांत लघवी फक्त ४० मिली, आणि हाक मारल्यावरच डोळे उघडतायत. मला हे सेप्सिसकडे चाललंय असं वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं. तुम्ही येईपर्यंत मी शुगर बघते, सलाईन किती स्पीडने सोडू?"

मोठ्याने वाचून बघ, अर्धा मिनिट लागतो. ह्यात आधी काय झालंय, मग कोण पेशंट, मग तुला काय वाटतंय, आणि शेवटी तुला काय हवंय, असं ओळीने आलं. पोरी पहिल्या तीन गोष्टी कशाबशा सांगतात आणि चौथ्याला "तर काय करू सर" म्हणून सोडून देतात. तुला काय हवंय ते सांगायचं. या म्हणायचं. मला सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अख्खं शरीरच बिघडायला लागणं) वाटतंय असं म्हणायला नर्सला बंदी नाहीये, डायग्नोसिस तेच करतील, पण पेशंटजवळ तू उभी आहेस ना.

तरी पण "सकाळी बघतो" आलं तर? तर ओके सर म्हणायचं नाही. मी म्हणायचे, "सर, मला काळजी वाटतेय, मी ह्या बीपीवर सकाळपर्यंत थांबू शकत नाही." हे एकदा म्हणायचं, ऐकलं नाही तर परत एकदा त्याच शब्दांत म्हणायचं. दोनदा सांगूनही काही हललं नाही तर पुढचा नंबर, आरएमओ (हॉस्पिटलमध्येच राहणारे डॉक्टर) असतील तर ते, आयसीयूचे ड्यूटी डॉक्टर असतील तर ते, रात्रीच्या सुपरवायझर सिस्टर तर असतातच. सरांना सांगूनच करायचं, "मग मी आयसीयूच्या डॉक्टरांना बघायला बोलावते सर." ९९ टक्के वेळा एवढ्यावर समोरचा उठून येतो. एखादा चिडतो, चिडू दे, सकाळी चहाच्या वेळेला विसरलेला असतो.

फोनवर ऑर्डर दिली तर ती परत म्हणून दाखवायची आणि हो ऐकायचं. मग केसपेपरवर वेळ टाकून लिहायचं, १:३५ ला डॉक्टरांना कळवले, हे आकडे सांगितले, ही ऑर्डर मिळाली. हे स्वतःला वाचवायला लिहायचं असं पोरींना वाटतं, पण पहाटे चारला जी दुसरी सिस्टर किंवा डॉक्टर येतो त्याला ते वाचून कळतं की उतरण कधी सुरू झाली, त्यासाठी लिहायचं.

अजून एक, ओव्हर टेबलावर बसून घेऊ नकोस. बेडपाशी जाऊन घे, दोघींनी मिळून पिशवी बघायची, सलाईन बघायची, पेशंटला सांगायचं की काका आता रात्री ह्या सिस्टर आहेत. टेबलावर "बारा नंबर फेअर आहे" एवढंच कळतं.


फोनच्या दुसऱ्या टोकाला

फिजिशियन आहे. मी तो फोन उचलणारा माणूस आहे म्हणून माझ्या बाजूने सांगतो.

गाढ झोपेतून उठल्यावर पहिली काही सेकंद डोकं चालत नाही, कानावर जे पहिलं वाक्य पडतं त्यावरच उठायचं की नाही हे ठरतं, हे चांगलं आहे असं मी म्हणत नाहीये पण तसं होतं. "बीपी जरा लो वाटतंय" ह्यावरून मला काहीच कळत नाही, १००/७० ला पण लो म्हणून फोन येतात. "९०/६०, संध्याकाळी ११०/७० होतं" म्हटलं की मी पांघरूण काढलेलंच असतं. आणि लघवी! ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिली तरी व्हायला हवी, चार तासांत १२० झाले, तुमच्याकडे ४० होती. हा एकच आकडा आधी सांगितला असतात तरी पुरलं असतं.

पण त्या डॉक्टरांचीही चूक आहे आणि ती मी स्पष्ट लिहितो. बीपी लो म्हटल्यावर "किती" हे विचारणं त्यांचं काम होतं. घाबरलेली ज्युनियर मुलगी फोनवर आहे हे आवाजावरून कळतं, तेव्हा आपण चार प्रश्न विचारून माहिती काढून घ्यायची असते. मी ह्याबाबतीत पूर्वी फार वाईट होतो, सिस्टर फोन करायला घाबरायच्या, आणि एकदा त्या घाबरण्याची किंमत एका पेशंटने दिली. तेव्हापासून रात्रीच्या प्रत्येक फोनला शेवटी "बरं झालं फोन केला" म्हणतो, विनाकारण केलेला असला तरी. कारण विनाकारण केलेल्या दहा फोनमुळेच अकरावा वेळेवर येतो.

वर सिस्टरांनी जे ओळीने सांगितलंय त्याला एसबार म्हणतात, अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून आलेली पद्धत आहे, तिथल्या हॉस्पिटलांनी नंतर उचलली. आपल्याकडे एमबीबीएसला २०१९ च्या बॅचपासून एटकॉम म्हणून संवाद आणि नीतिमत्तेचा भाग अभ्यासक्रमातच घातलाय. आमच्या वेळी असं काही नव्हतं, सिनियर कसे ओरडतात ते बघून आम्ही ओरडायला शिकलो.


साताऱ्याची लेक

मी मेडिकलची नाही, पेशंटची मुलगी आहे, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

बाबांचं हार्ट कमजोर आहे, पायांवर सूज, दम लागतो. पहिल्यांदा डिस्चार्ज मिळाला तेव्हा डॉक्टरांनी राऊंडला उभ्या उभ्या सांगितलं, मीठ कमी, पाणी दीड लिटर, गोळ्या वेळेवर, पंधरा दिवसांनी दाखवा. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. समजलं ना? हो समजलं. आता डॉक्टरांना कोण म्हणणार की नाही समजलं!

घरी येऊन आईने मनापासून पथ्य पाळलं. साधं मीठ बंद करून सैंधव आणलं, कारण उपासाला चालतं म्हणजे ते चांगलं. भाजी अळणी, आणि अळणी भाजी बाबांच्या घशाखाली उतरेना म्हणून ताटात लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी. तीन आठवड्यांत बाबा परत ॲडमिट, आडवं झोपताच येईना.

दुसऱ्या डिस्चार्जच्या वेळी एक सिस्टर आल्या, स्टूल ओढून बाबांच्या शेजारी बसल्या, आणि म्हणाल्या, "काका, मी नीट सांगितलं का नाही ते मला बघायचंय, तुम्ही मला सांगा, उद्या दुपारी ताटात काय काय असणार?" बाबा म्हणाले भाकरी, भाजी, भाजीत मीठ नाही, आणि लोणच्याची फोड. सिस्टर म्हणाल्या लोणचं? बाबा म्हणाले, ते चालतं की, ते वरचं असतं, स्वयंपाकात थोडंच आहे. आणि आई मागून म्हणाली, मीठ पण साधं नाही हो, सैंधवच वापरते.

तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की सैंधव पण शेवटी मीठच आहे. सिस्टर जराही हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत, म्हणाल्या बरं झालं सांगितलंत. मग आईला विचारलं लोणच्याऐवजी काय चालेल बाबांना, तर लिंबू आणि हिरवी मिरची भाजून, असं दोघींनी मिळून ठरवलं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर चहाच्या आधी वजन करायचं आणि तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा, हे कॅलेंडरवर लिहून दिलं. त्याला आता १४ महिने झाले, बाबा परत ॲडमिट झालेले नाहीत. वजनाचे आकडे अजून कॅलेंडरवरच लिहितात, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी.

"समजलं का" ह्याला आमच्यासारखी माणसं नेहमी हो म्हणणार. "तुम्ही सांगा" म्हटलं तरच खरं काय ते बाहेर येतं.


रातपाळीवाली

जुनी सिस्टर, मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि घरी भावासमोर चार वेळा बोलून बघितलं. सर, तुमचं वाचून बरं वाटलं. ताई, लोणच्याचं वाचून माझ्या आजीची आठवण आली.

पण नातेवाइकांचं कोणी सांगा ना. तो मुलगा अजून माझ्याकडे रागाने बघतो. काकांना इंजेक्शन द्यायला गेले की तो उठून बाहेर जातो.


थर्ड इयर रेसिडेंट

मेडिसिनला आहे, सरकारी कॉलेज. आमच्याकडे दारावर मोठा बोर्ड आहे, डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांना मारहाण केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, २०१० चा कायदा. बोर्ड असावाच, पण बोर्ड वाचून कोणी शांत झालेला मी तरी बघितला नाही. कॅज्युअल्टीत जी भांडणं होतात त्यातली बरीचशी कोणीच काही सांगत नाही ह्यावरून होतात, पेशंट आत, दार बंद, तीन तास झाले, आतून मावशी बाहेर आल्या तर त्यांनाच विचारतात, त्या म्हणतात डॉक्टरांना विचारा, डॉक्टर म्हणतात थांबा. अशा वेळी माणूस दार वाजवणारच ना.

मी काय करतो ते सांगतो. पेशंट सिरीयस असेल तर पहिल्या अर्ध्या तासात बाहेर जातो, हातात काही नसलं तरी. विचारतो, घरचं जवळचं कोण? बहुतेक वेळा एक मेव्हणा किंवा गावातले कोणी पुढारी पुढे होऊन बोलत असतात आणि पेशंटची बायको भिंतीला टेकून मागे उभी असते. मी तिला पुढे बोलावतो, सगळ्यांना बसायला सांगतो, मी पण बसतो. उभ्याने भांडण होतं, बसलं की आवाज आपोआप खाली येतो. मग आधी विचारतो तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितलंय, कारण कधी कधी त्यांना कोणीतरी "नॉर्मल आहे" म्हणून सांगून ठेवलेलं असतं, आणि त्यावर मी एकदम सिरीयस म्हटलं तर त्यांना वाटणारच आम्ही काहीतरी बिघडवलं.

आणि मग परत कधी सांगायला येणार ते सांगतो. "मी सहा वाजता परत येतो." आणि सहाला जातोच, सांगण्यासारखं काही नसलं तरी जाऊन "अजून तसंच आहे, बीपीचं औषध चालू आहे" एवढं सांगतो. एकदा सहाचा शब्द मोडला की पुढचं काहीही ते ऐकत नाहीत.

वाईट बातमीच्या वेळी शब्द साधे वापरायचे. फर्स्ट इयरला असताना मी एका मुलाला सांगितलं "पेशंट कोलॅप्स झाले, आम्ही रिव्हाइव्ह करायचा प्रयत्न केला पण रिस्पॉन्स नाही मिळाला", तो म्हणाला बरं मग आता कोणतं इंजेक्शन आणू? चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला होता त्याने. तो हात अजून आठवतो. त्यानंतर मी बाजूच्या खोलीत नेतो, बसवतो, आधी म्हणतो की वाईट सांगायचंय, एक श्वास थांबतो, मग म्हणतो "तुमचे वडील गेले." आणि मग गप्प बसतो. गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे, दोन मिनिटं फार मोठी असतात, पण त्या दोन मिनिटांत आपण कागदपत्रांचं काढायचं नाही. कॅन्सरवाल्या डॉक्टरांनी २००० साली ह्यावर स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत लिहिली, त्यात पण जागा निवडणं, आधी त्यांना काय माहितीये ते विचारणं हे बातमीच्या आधी येतं.

"आमच्या हातात काही नाही" हे वाक्य मी सोडून दिलंय. बरं करणं हातात नसेल पण दुखणं कमी करणं, श्वासाचा त्रास कमी करणं हे असतंच, ते करतोय असं सांगायचं.


धारणीचा एमओ

मेडिकल ऑफिसर आहे. बाकी सगळं छान आलंय, मी फक्त शब्दांवर लिहितो कारण माझी अर्धी ओपीडी त्यातच जाते.

इंटर्नशिपला माझ्यासोबत एक परराज्यातला मुलगा होता, मराठी तोडकंमोडकं. एक बाई म्हणाली "डॉक्टर, उन्हाळी लागली", मे महिना होता, ह्याने ऊन लागलं असं लिहून ओआरएस दिलं. बिचारी चार दिवसांनी तापाने फणफणून आली, उन्हाळी म्हणजे लघवीची जळजळ, ती तेव्हाच थांबवता आली असती. असे शब्द खूप आहेत. अंगावरून जातंय म्हटलं तर लाल की पांढरं हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. पित्त म्हणजे कोणाला छातीतली जळजळ, कोणाला अर्धं डोकं दुखून उलटी, कोणाला अंगावर उठलेल्या गांधी, आणि कोणाला चक्क हार्ट अटॅक, म्हणून चाळिशीच्या पुढचा माणूस पित्त किंवा गॅस म्हणाला की मी म्हणतो बोट ठेवून दाखवा कुठे, अन् तो अख्खा पंजा छातीवर ठेवतो, मग आधी ईसीजी. आणि "अंगावरून वारं गेलं" हे तर नर्स, शिपाई, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर सगळ्यांना माहीत पाहिजे, तो लकवा असतो, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि इथून मोठं हॉस्पिटल घाटाच्या पलीकडे आहे.

आमच्या मेळघाटात तर मराठीही चालत नाही, बायका कोरकू बोलतात. आशाताई दुभाषा होते. सुरुवातीला मी आशाताईकडे बघून बोलायचो, "हिला सांग की...", आणि बाई खाली मान घालून बसायची. मग एका आशाताईनेच मला बाजूला घेऊन सांगितलं, सर तुम्ही तिच्याकडे बघून बोला, मी मधे बोलते. बोलायचं मराठीतच, पण बघायचं बाईकडे. तेवढ्याने फरक पडला. हेमलकशाला प्रकाश आमटे आणि मंदाकिनी आमटे १९७३ च्या सुमाराला गेले तेव्हा ते तिथली माडिया भाषा शिकले, दवाखाना त्यानंतर लोकांचा झाला. मी कोरकू तेवढी शिकलो नाही पण दुखतं कुठे, किती दिवस, बाळ दूध पितं का, एवढं विचारता येतं.

ओआरएसचं सांगायचं राहिलं. एक पाकीट एक लिटर पाण्यात, सगळं एकदम. तोंडी सांगून उपयोग नाही, लोक ग्लासात चिमूट चिमूट टाकून देतात नाहीतर अख्खं पाकीट एका ग्लासात. मी रिकामी लिटरची बाटली ठेवलीय, आईलाच पाकीट फोडायला लावतो, तिच्याच हाताने बनवून घेतो, बाळाला पहिला चमचा तिथेच पाजायला लावतो. पाच मिनिटं जातात, बाहेर लाईन ओरडते, जाऊ देत पाच मिनिटं.


मेडिकल दुकानवाला

फार्मासिस्ट आहे, दोनच गोष्टी. टीबीची औषधं सुरू झाली की लघवी लाल-नारिंगी होते, हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून गोळ्या बंद करतो, आयर्नच्या गोळ्यांनी संडास काळी होते त्याचंही तसंच. आधी सांगितलेलं असलं की तोच माणूस येऊन म्हणतो, तुम्ही सांगितलं तसंच झालं, त्याचा विश्वास वाढतो.

दुसरं, सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्झेट लिहितात ती आठवड्यातून एकदा असते, रोज खाल्ली तर जिवावर बेतते. "आठवड्यातून एकदा" म्हणून भागत नाही, मी पाकिटावर मोठ्या अक्षरात फक्त "मंगळवार" लिहितो आणि विचारतो आजी कोणत्या वारी? मंगळवार म्हटलं की मगच पाकीट हातात. आणि फोनवर आकडा सांगताना सुटा सुटा सांगा, फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, एक पाच की पाच शून्य असं विचारून घेतो. डॉक्टर मंडळींना विनंती, २०१६ पासून नियमच आहे औषधाचं नाव वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा म्हणून, कृपा करून लिहा.


जुनी सिस्टर

रातपाळीवाली, त्या मुलाचं सांगते. इन्चार्ज सिस्टरना आणि त्या डॉक्टरांना आधी सांग की मी त्याच्याशी बोलणार आहे, पाठीमागून करू नकोस. इन्चार्ज सोबत असल्या तर उत्तमच. त्याला जे झालं ते वेळेसकट सांग, दीडला बीपी उतरलेलं दिसलं, डॉक्टरांना फोन केला, तापाचं औषध दिलं, साडेचारला अजून उतरलं, तेव्हा आयसीयूत हलवलं. डॉक्टरांवर ढकलू नकोस आणि खोटंही बोलू नकोस. लघवीचं सांगायचं राहिलं हे इन्चार्जना सांग, लिहून दे, ते लपवलंस तर आयुष्यभर टोचेल. आणि त्याला म्हण, तुम्ही रात्रभर बाहेर बसला होता आणि तुम्हाला कोणी काही सांगितलं नाही, ते माझ्याकडून राहिलं. तो ओरडला त्याचं कारण तेच असणार बघ.


रातपाळीवाली

सगळ्यांचे खूप खूप आभार. उशिरा लिहितेय, सलग नाईट होत्या.

त्या मुलाशी बोलले, इन्चार्ज सोबत होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, मी अडीचला दाराशी आलो होतो, काचेतून तुम्ही पप्पांच्या कपाळावर पट्टी ठेवताना दिसलात म्हणून आत आलो नाही, वाटलं काहीच सिरीयस नाहीये. आणि सकाळी एकदम आयसीयू. मला काय बोलावं सुचलं नाही. मी म्हटलं तेव्हाच बाहेर येऊन सांगायला हवं होतं मी. तो म्हणाला हो. त्यानंतर इंजेक्शनच्या वेळी बाहेर जात नाही, पप्पांचा हात धरून बसतो.

काकांचा डिस्चार्ज परवा झाला. मी स्टूल घेऊन बसले आणि विचारलं, काका, परत थंडी वाजून ताप आला तर काय करणार? म्हणाले, दोन दिवस वाट बघणार, घरात गोळी आहेच. मग परत पहिल्यापासून सांगितलं, ह्यावेळी मुलालाही बोलावून घेतलं. शेवटी काका म्हणाले त्याच दिवशी येणार, आणि मुलाने मोबाईलमध्ये वॉर्डाचा नंबर सेव्ह केला.

आणि काल रात्री परत एक फोन करावा लागला, सात नंबरच्या आजी, दम लागत होता. सॉरी म्हणाले नाही. ऑक्सिजन किती, श्वास किती, संध्याकाळी किती होता, सगळं सांगितलं, म्हटलं सर तुम्ही येऊन बघायला हवं. सरांनी विचारलं शुगर किती? ती बघितलीच नव्हती. बघून परत फोन केला तोवर सर जिन्यात होते.

आम्ही पण सलाईनच्या बॉक्सचा पुठ्ठा कापून फोनजवळ टांगलाय. त्यावर सगळ्यात वर शुगर लिहिलीय.